उत्तराची हमी आणि पत्राचा मायना

माझ्या पहिल्या फिनिश औपचारिक पत्रात 14 ओळी होत्या. बाईंनी त्यातल्या 11 खोडल्या.

हेलसिंकीजवळच्या एका शहरात संध्याकाळच्या भाषावर्गातली ही गोष्ट. गृहपाठ असा होता की, आपल्या नगरपालिकेला खरोखर पाठवता येईल असा एक ई-मेल लिहून आणायचा. मी विषय निवडला तो माझ्या मुलीच्या मराठीचा. फिनलंडमध्ये अन्य भाषक कुटुंबांतल्या मुलांना शाळेच्या जोडीने त्यांच्या मातृभाषेचे धडे मिळू शकतात. नगरपालिकेवर तशी सक्ती नाही. पण पुरेशी मुले आणि शिकवणारे माणूस मिळाले, तर ती वर्ग भरवू शकते. मी लिहिले ते असे: आपणास त्रास देत असल्याबद्दल प्रथम क्षमा मागते, आपण कामात असाल याची मला जाणीव आहे, आम्ही या सुंदर देशात सुखाने राहतो, मराठी ही जुन्या आणि समृद्ध वाङ्मयाची भाषा आहे, ज्ञानेश्वरांपासून तिची परंपरा चालत आली आहे, माझ्या मुलीला आजीशी नीट बोलता येत नाही, याचे मला वाईट वाटते, तरी आपण या बाबतीत सहानुभूतीने विचार करावा, ही नम्र विनंती.

वर्गात सगळे बाईंना पहिल्या नावाने हाक मारत. मी मनातल्या मनात ‘बाई’च म्हणत असे. त्यांनी शांतपणे विचारले, “मुलं किती आहेत? कितवीत आहेत? आणि तुला नगरपालिकेकडून नेमकं काय हवंय?” या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर माझ्या पत्रात नव्हते. आपल्या भाषेसाठी मागणे मागायला बसलेली मी, त्याच भाषेच्या रीतीभातीत अडकून मागणेच विसरले होते.

त्या खोडलेल्या ओळींनी पुढचे वर्षभर माझा पिच्छा पुरवला. एम. ए.ला असताना ऐतिहासिक मराठी पत्रव्यवहार हा माझा आवडीचा विषय होता. त्यामुळे अपमानापेक्षा कुतूहल जास्त होते. एका भाषेत जो आदर ठरतो, तो दुसऱ्या भाषेत अडगळ का ठरतो? या लेखात त्याच प्रश्नाचा शोध घ्यायचा आहे.

आधी परीक्षेविषयी. ‘युलेइनेन किएलितुत्किन्तो’, म्हणजे सामान्य भाषा परीक्षा, फिनलंडमध्ये 1994 पासून घेतली जाते. बोलताना सगळे तिला ‘युकी’ म्हणतात. तिचे प्राथमिक, मध्यम आणि उच्च असे तीन स्तर आहेत आणि 1 ते 6 अशा श्रेणी. नागरिकत्वासाठी भाषेची अट या परीक्षेतून पुरी करायची, तर ठरावीक उपपरीक्षांत किमान 3 ही श्रेणी लागते. मध्यम स्तराच्या लेखनात साधारणपणे तीन गोष्टी लिहायच्या असतात: मित्राला किंवा शेजाऱ्याला निरोप, एखाद्या कार्यालयाला किंवा कंपनीला औपचारिक पत्र आणि एखाद्या विषयावर स्वतःचे मत. तासाभराच्या आत ही तिन्ही कामे उरकायची असतात. श्रेणी 3 वर व्याकरणाच्या चुका चालतात; आशय पोहोचला पाहिजे.

म्हणजे एका बैठकीत उमेदवाराला तीन नाती निभावायची असतात. त्यांपैकी पहिले आणि तिसरे नाते आम्हा बाहेरून आलेल्यांना फारसे अवघड जात नाही. मैत्री आणि मत या गोष्टी सगळीकडे थोड्याफार सारख्याच. अडते ते दुसऱ्या पत्रापाशी, कारण तिथे अनोळखी संस्थेशी बोलायचे असते, आणि संस्थेशी कसे बोलावे हे प्रत्येक समाज आपल्या अनुभवातून शिकलेला असतो.

वर्गातल्या बहुतेकांचे याबद्दलचे स्पष्टीकरण एका वाक्याचे होते: फिनिश माणूस मुळातच अबोल, म्हणून त्याचे पत्रही तुटक. हे स्पष्टीकरण मला कधी पटले नाही. फिनिशमध्ये आदर नाही असे नाही. तो कुठे ठेवला आहे, ते ठाऊक असावे लागते.

‘कृपया’ला नेमका पर्याय असा एक शब्द फिनिशमध्ये नाही, हे ऐकून नवखे विद्यार्थी चकित होतात. खरे तर मराठी माणसाने चकित होण्याचे कारण नाही. आपणही घरात कुणाला ‘कृपया पाणी द्या’ म्हणत नाही. ‘जरा पाणी देता का?’ म्हणतो. ‘कृपया’ राहतो तो पाट्यांवर आणि उद्घोषणांत. फिनिशमध्येही विनंतीचे काम क्रियापद करते. धातूच्या पोटात ‘इसि’ हा तुकडा घातला की संकेतार्थ तयार होतो. ‘वोइत्तेको’ म्हणजे ‘तुम्ही करू शकता का’. ‘वोइसित्तेको’ म्हणजे ‘तुम्हाला करता आले असते का’ याच्या जवळचे काही. ऐकणाऱ्याला नाही म्हणायला जागा ठेवणारे हे रूप आहे.

दुसरी सोय कर्ता गाळण्याची. फिनिश व्याकरणकार तिला ‘नोल्लापेर्सोना’, म्हणजे शून्य पुरुष म्हणतात. ‘वर्ग भरवता येईल का?’ या मराठी वाक्यात वर्ग कोणी भरवायचा ते सांगितलेले नाही. फिनिशमध्येही अगदी अशीच रचना होते. कोणावर बोट न रोखता काम पुढे सरकते.

तिसरी सोय मला सर्वांत मोलाची वाटते. फिनिशमध्ये ‘सिना’ म्हणजे तू आणि ‘ते’ म्हणजे तुम्ही. 1960-70च्या दशकांत ‘सिना’ सर्वत्र पसरले आणि आज बहुतेक कार्यालयांतही तेच चालते. पण औपचारिक पत्रात ‘ते’ अजून टिकून आहे. एका माणसाला मानाने ‘ते’ म्हटले की साहाय्यक क्रियापद अनेकवचनी होते, पण त्याच्यासोबतचे कृदन्त एकवचनीच राहते. अनेकांना उद्देशून ‘ते ओलेत्ते तुल्लेत’, तर एकट्या आदरणीय व्यक्तीला ‘ते ओलेत्ते तुल्लुत’. मराठीत ‘साहेब आले आहेत’ म्हणताना ‘आले’ही अनेकवचनी आणि ‘आहेत’ही. आपण एका माणसाचे पूर्ण अनेकवचन करतो. फिनिश वाक्य अर्धा मान देते आणि उरलेल्या अर्ध्यात समोर एकच माणूस आहे, याची नोंद ठेवते.

चौथी गोष्ट सोय नव्हे, अभाव. ‘किर्योइतान’ म्हणजे ‘लिहितो’ आणि ‘लिहिते’सुद्धा. फिनिश क्रियापदाला लिंग नाही, सर्वनामालाही नाही. मराठीत पहिले क्रियापद उमटताच मी बाई आहे हे कार्यालयाला कळते. फिनिश पत्र शेवटच्या सहीपर्यंत ते सांगत नाही, आणि परकीय नावामुळे सहीवरूनही कळेलच असे नाही.

आता आपल्या बाजूला वळू. मराठी मायना ही एक शिस्तबद्ध संस्था होती. ‘अखंडितलक्ष्मीअलंकृत राजमान्य राजश्री’पासून ते ‘रा. रा.’पर्यंत, ‘वेदशास्त्रसंपन्न’पासून ‘चि.’पर्यंत कोणाला काय लिहायचे हे ठरलेले होते. ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत साष्टांग नमस्कार आणि विनंती विशेष एवढे सगळे बसवले होते. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ म्हणून थांबायचे. या सूत्रांचे मला अजून प्रेम आहे. दप्तरातले पत्र उघडल्यावर मजकुराआधीच दोन माणसांमधले अंतर कळते, हा आनंद थोडका नाही.

पण हेच अंतर माणसाला त्याची पायरीही दाखवत असे. मायना जात पाही, वय पाही, अधिकार पाही. बायकांच्या बाबतीत तर तो नवरा जिवंत आहे की नाही, हेही पाही. माझ्या आजोबांच्या निधनानंतर आजीला आलेल्या पहिल्याच पाकिटावर ‘सौ.’च्या जागी ‘गं. भा.’ आले होते. पाठवणाऱ्याने रीत पाळली होती, आदरच दाखवला होता. आजीने ते पाकीट बराच वेळ हातात धरून ठेवले होते, असे आई सांगते. फिनिश पत्राच्या माथ्यावरचे साधे ‘हेइ’ मला पहिल्यांदा कोरडे वाटले. पुढे आजीचे पाकीट आठवले, तेव्हा त्या कोरडेपणात काय वाचते आहे, तेही दिसले.

भाषाशास्त्रात विनयाचा विचार पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांच्या मांडणीपाशी येऊन थांबतो. 1987 साली पुस्तकरूपाने आलेल्या या अभ्यासात इंग्लिश आणि मेक्सिकोतली त्सेल्ताल यांच्या बरोबरीने तामिळनाडूतली तमिळही आहे. त्यांच्या मते समोरच्याला मोकळीक ठेवणे हा विनयाचा एक मोठा प्रकार. त्यात आडवळणाने विचारणे येते, क्षमा मागणे येते, कर्ता लपवणे येते आणि समोरच्याला मोठेपणा देणेही येते. या वर्गीकरणात माझे 14 ओळींचे पत्र आणि बाईंनी ठेवलेल्या 3 ओळी एकाच खणात पडतात. इथे मला ही मांडणी अपुरी वाटते. कर्ता गाळणारा लेखक दोघांनाही बाजूला सारून कामाला पुढे आणतो. मोठेपणा देणारा लेखक समोरच्याला उंच करतो आणि त्याच मापाने स्वतःला खाली उतरवतो. दोन्ही विनयच, पण पहिल्यात पत्र संपल्यावर दोघे समान पातळीवर उरतात, दुसऱ्यात उरत नाहीत.

मग फिनिश माणूस हे समान पातळीवरचे लेखन जन्मतःच शिकून येतो का? इतिहास तसे सांगत नाही. 1809 पर्यंत फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग होता, त्यानंतर 1917 पर्यंत रशियन साम्राज्यातले महासंस्थान. कारभाराची भाषा स्वीडिश. फिनिश ही बहुसंख्यांची भाषा असूनही कचेरीत तिला स्थान नव्हते. 1863 मध्ये सम्राट दुसऱ्या अलेक्झांडरच्या फर्मानाने ते देऊ केले, तेही 20 वर्षांच्या मुदतीने. त्यामागे तत्त्वज्ञ आणि राजकारणी योहान विल्हेल्म स्नेलमन यांचे प्रयत्न होते. फिनिश कारभारी भाषा, ‘विर्काकिएली’, घडली ती मुख्यतः स्वीडिश मजकुराच्या भाषांतरातून. तीही लांबलचक वाक्यांची आणि सामान्य माणसाला दूर ठेवणारी होती. शिवकाळात फार्सी शब्दांना पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेणाऱ्या समाजाला ही धडपड सहज समजावी.

आणि विनवणीही त्यांना अनोळखी नव्हती. फेब्रुवारी 1899 मध्ये दुसऱ्या निकोलसच्या जाहीरनाम्याने फिनलंडच्या स्वायत्ततेवर घाला आला, तेव्हा लोकांनी सम्राटाला एक सामूहिक अर्ज लिहिला. कडाक्याच्या थंडीत गावोगाव फिरून थोड्याच दिवसांत 5 लाखांहून अधिक सह्या जमवल्या. भाषा प्रजेने राजाशी बोलावे तशी, नम्र. 500 जणांचे शिष्टमंडळ सेंट पीटर्सबर्गला गेले. सम्राटाने त्यांना भेट दिली नाही. फिनलंडच्या इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध औपचारिक पत्र असे अनुत्तरित राहिले.

मग मधल्या शंभर वर्षांत काय बदलले? स्वातंत्र्य, लोकशाही, शिक्षण ही मोठी उत्तरे आहेतच. मला मात्र एका छोट्या कलमात उत्तराचे टोक सापडले. 2003चा ‘हल्लिन्तोलाकि’, म्हणजे प्रशासन कायदा, 2004 पासून लागू आहे. त्याच्या 9व्या कलमानुसार सरकारी यंत्रणेने योग्य, स्पष्ट आणि समजेल अशी भाषा वापरणे बंधनकारक आहे. 8वे कलम तिला लोकांना विनामूल्य मार्गदर्शन करायला आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यायला सांगते. 23वे कलम म्हणते की, काम विनाकारण लांबवू नये. परीक्षेच्या तयारीत हा कायदा कोणी शिकवत नाही; पण तो वाचल्यावर खोडलेल्या ओळींचा अर्थ मला लागला. ‘आपण कामात असाल’, ‘सहानुभूतीने विचार करावा’, ‘त्रासाबद्दल क्षमस्व’ या ओळी मी कशासाठी लिहिल्या होत्या? उत्तर मिळावे म्हणून. जिथे उत्तर देणे हे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, तिथे त्या ओळींना कामच उरत नाही. उलट खरी माहिती त्यांच्याखाली दबते.

माझा मुद्दा असा की, औपचारिक पत्राची शैली समाजाच्या स्वभावापेक्षा उत्तराच्या हमीवर अवलंबून असते. हमी नसेल तिथे विनंती लांबते, विशेषणे वाढतात, घरची परिस्थिती सांगावी लागते. हमी आली की पत्र आखूड होते.

याचा पुरावा मला आपल्याकडेच मिळाला. महाराष्ट्राने 2002 मध्ये माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला आणि 2005 मध्ये देशाचा कायदा आला. त्यातल्या 6(2) कलमानुसार अर्जदाराला माहिती का हवी याचे कारण सांगावे लागत नाही. उत्तरासाठी सर्वसाधारण मुदत 30 दिवसांची. त्या अर्जाची मराठी पाहावी. हव्या असलेल्या माहितीचा तपशील, कालावधी, माहिती टपालाने हवी की समक्ष, सही. लाचारी नाही, लोभ असावा नाही. प्रत्यक्षात किती अर्जांना वेळेवर उत्तर मिळते हा वेगळा आणि कष्टाचा विषय. पण केवळ हक्क कागदावर येताच त्याच मराठी माणसाची अर्जाची भाषा बदलली, हे महत्त्वाचे. तीच व्यक्ती त्याच दिवशी दुसऱ्या टेबलावर ‘आपला आज्ञाधारक’ लिहीत असेल. स्वभाव एक, मायने दोन.

इतके म्हटल्यावर परीक्षेतल्या या पत्रप्रकाराबद्दलच्या दोन तक्रारीही नोंदवल्या पाहिजेत. पहिली: परीक्षेतल्या पत्राला उत्तर येत नाही. ज्या हमीतून ही शैली जन्मली, तिच्यावाचून शैली तपासली जाते. त्यामुळे उमेदवार साचा पाठ करतात. वर हेइ, मग ‘आपल्याशी संपर्क साधत आहे, कारण…’, खाली ‘आगाऊ धन्यवाद’ आणि ‘युस्तॅवॅल्लिसिन तेर्वेइसिन’, म्हणजे मैत्रीपूर्ण शुभेच्छांसह. मधल्या दोन ओळी बदलायच्या. दहावीला मागणीपत्र आणि विनंतीपत्र घोकलेल्या आम्हा लोकांना हे फार सोपे जाते. साचा उत्तम उतरतो, पण आपल्याला उत्तर मागण्याचा हक्क आहे ही जाणीव त्याबरोबर उतरतेच असे नाही. माझ्याबरोबरची एक उमेदवार लेखनात छान उत्तीर्ण झाली आणि आजही कार्यालयाला पत्र लिहायचे म्हटले की नवऱ्याला सांगते.

दुसरी तक्रार: मी सोडवलेल्या सराव-प्रश्नांत आमच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच भूमिका येई. मागवलेली वस्तू मोडकी निघालेला ग्राहक, नाही तर गोंगाटाने त्रासलेला भाडेकरू. तक्रार करता येणे ही नागरिकत्वाची पहिली पायरी, हे मान्य. पण नागरिक सुचवतोही, आभारही मानतो, आणि क्वचित आपल्याजवळचे काही देऊही करतो. मराठीचा वर्ग मागणारे पत्र ही निव्वळ तक्रार नव्हती. त्यात या देशाला एक भाषा देऊ करणेही होते. त्या आखूड साच्यात हे कुठे लिहावे, ते मला अजूनही कळलेले नाही.

बाईंनी ठेवलेल्या 3 ओळींत 4 नव्या घालून मी ते पत्र अखेर पाठवले. मराठीत सांगायचे तर: माझी मुलगी तिसरीत आहे. तिची मातृभाषा मराठी. शहरातल्या आणखी दोन कुटुंबांतल्या 3 मुलांनाही मराठी शिकायचे आहे. येत्या शरद सत्रापासून वर्ग भरवता येईल का? त्यासाठी किमान किती मुले लागतात? अर्ज कधीपर्यंत करायचा, ते कळवाल का? उत्तराची वाट पाहते. यातली ‘पाहते’ मराठीत आल्यावर बाई झाली. फिनिशमध्ये ती नुसती वाट पाहणारी एक व्यक्ती होती.

आठवड्याच्या आत उत्तर आले. वर ‘हेइ’, खाली अधिकाऱ्याचे पूर्ण नाव. मधल्या 5 ओळींत म्हटले होते की, मुले कमी असल्याने या वर्षी वर्ग भरवता येणार नाही. किमान संख्या इतकी लागते. पुढची नोंदणी वसंतात सुरू होईल. शिक्षक म्हणून कोणी इच्छुक असल्यास कळवावे. नकारच होता. तरीही मी ते पत्र दोनदा वाचले. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्यात उत्तर होते आणि माझ्यावर कोणी उपकार केल्याचा सूर कुठेही नव्हता.

या सवयीची किंमतही मी मोजते आहे. मध्यंतरी धाकट्या भावाला घराच्या कागदांबद्दल निरोप पाठवला. तीन ओळी, सगळे मुद्दे क्रमाने. त्याचा लगेच फोन आला, “ताई, रागावलीस का?” मी नाही म्हटले. मग त्याची चौकशी केली, वहिनीची, मुलांची, पावसाची; कागदांचा विषय शेवटी निघाला. संस्थेशी बोलताना जे खोडायचे, ते माणसांशी बोलताना ठेवायचे, एवढा विवेक मला दोन्ही भाषांत सांभाळावा लागेल. आणि ज्ञानेश्वरांविषयीची ती खोडलेली ओळ कुणा अधिकाऱ्यासाठी नव्हतीच. ती वर्ग सुरू झाला तर त्यात सांगायची आहे.

दरम्यान आणखी एक मराठी कुटुंब आमच्या शहरात राहायला आले आहे. त्यांना दोन मुलगे आहेत. वसंतातल्या नोंदणीचे पत्र मी लिहून ठेवले आहे. त्यात मुलांची संख्या बदलली आहे आणि शिक्षक म्हणून माझे नाव घातले आहे.